लाडबोरीत पडलेलं कडं कुणाचं? आभाळातून पडलेल्या वस्तूचा माग कसा काढतात

२ एप्रिल २०२२. शनिवार, गुढीपाडवा. विदर्भात एप्रिल लागला की दिवस मावळल्यावरच माणसाला बरं वाटतं. अंगणात बाज पडते, पोरंटोरं गच्चीवर जातात. त्यामुळे त्या रात्री पावणेआठच्या सुमारास आभाळात जे दिसलं ते असंख्य लोकांनी एकाच वेळी पाहिलं. पेटत्या गोळ्यांची एक रांग आभाळ चिरत सरकत होती. पुढे मोठा गोळा, मागे लहान लहान ठिपके, सगळे एका रेषेत, एकाच चालीने. जळगाव, बुलढाणा, अकोला, नागपूर, चंद्रपूर इथून लोकांनी ते मोबाइलवर टिपलं. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-बडवानीतून आणि गुजरातेतूनही तेच दृश्य दिसलं.

आणि आठ वाजायच्या आतच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, एका मोकळ्या जागेत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास सुमारे ३ मीटर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या दुप्पट. वजन ४० किलोच्या आसपास. त्याच तालुक्यात पवनपारच्या बाजूला एक गोळाही सापडला, साधारण अर्धा मीटर व्यासाचा. कुणाला इजा झाली नाही, हे मोठं नशीब. सणाची रात्र, माणसं बाहेर बसलेली, आणि ४० किलोचं कडं!

पुढचे काही दिवस एकच विषय होता. विमानाचा भाग आहे का, बॉम्ब आहे का, उल्का आहे का, परग्रहावरून काही आलं का. या सगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधायची एक पद्धत आहे आणि ती समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. पंचनामा कसा करतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती लगेच कळेल. कधी, कुठून, केवढं, कशाचं, आणि मग कुणाचं, या क्रमाने जायचं. लाडबोरीचं कडं समोर ठेवून आपण तसंच जाऊ.

किती वेळ दिसलं?

सगळ्यात मोठा पुरावा त्या रात्री गच्चीवरच्या लोकांच्या हातात होता. तो म्हणजे व्हिडिओची लांबी.

उल्का म्हणजे अवकाशातून आलेला दगड किंवा धूळ. ती पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर अशा वेगाने शिरते. एवढ्या वेगाने आलेली गोष्ट बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत संपते. आपण ‘तारा तुटला’ म्हणतो आणि शेजारच्याला दाखवायला बोट वर करतो, तोवर आभाळ रिकामं झालेलं असतं. मोठी असेल तर चार-पाच सेकंद, फार तर थोडी जास्त.

माणसाने वर पाठवलेली वस्तू मात्र खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरच्या आत असतो. तिची वाटही वेगळी. पृथ्वीभोवती फिरता फिरता ती हळूहळू खाली घसरलेली असते, म्हणून वातावरणात ती जवळजवळ आडवी शिरते. विहिरीत टाकलेला दगड आणि तळ्यावर आडवी मारलेली चकती, असा हा फरक आहे. आडवी शिरलेली वस्तू शेकडो किलोमीटर जळत जाते आणि मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ दिसत राहते. वाटेत ती फुटते, आणि फुटलेले तुकडे समांतर, एकाच दिशेने चालत राहतात.

पाडव्याच्या व्हिडिओंमध्ये नेमकं हेच होतं. लोक हाका मारून घरच्यांना बाहेर बोलावतात, घरचे येतात, बघतात, आणि तरीही ती रांग आभाळात असते. उल्का एवढा वेळ देत नाही. म्हणजे कड्याला कुणी हात लावायच्या आधीच अर्धं उत्तर हाती आलं होतं. ती माणसाने बनवलेली वस्तू होती.

अशी वस्तू का जळते, हेही इथेच सांगतो. घर्षणाने जळते असं आपण शाळेत शिकलो. त्यात घर्षणाचा वाटा थोडा आहे, मुख्य कारण दुसरं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहिलाय? ते चांगलंच गरम होतं, कारण हवा झटक्यात दाबली की तापते. सेकंदाला ८ किलोमीटर वेगाने येणाऱ्या वस्तूपुढच्या हवेला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते, हजारो अंशांपर्यंत तापते आणि चमकू लागते. आपल्याला दिसतो तो उजेड बराचसा त्या तापलेल्या हवेचा असतो. साधारण ८० किलोमीटर उंचीवर वस्तूचा सांगाडा हा मारा सहन करू शकत नाही आणि ती फुटते. मोठ्या वस्तूचा बहुतेक भाग वरच जळून जातो, पण १० ते ४० टक्के वजन जमिनीपर्यंत पोचू शकतं.

कुठून कुठे गेलं?

एका माणसाला आभाळातली वस्तू किती उंचीवर आहे ते सांगता येत नाही. ‘आमच्या शेतामागेच पडलं’ असं दहा गावांतले लोक छातीठोकपणे सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. अंधारात उजेडाचं अंतर डोळ्याला कळतच नाही.

पण दोन माणसं लांब लांब उभी असतील तर गणित सुटतं. हाताचा अंगठा डोळ्यासमोर धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जितका जवळ, तितकी उडी मोठी. आता एक डोळा अकोल्याला आणि दुसरा चंद्रपूरला आहे असं समजा. अकोल्याच्या माणसाला ती रांग कोणत्या ताऱ्याखालून गेली, चंद्रपूरच्या माणसाला कोणत्या, एवढं कळलं की त्या उडीवरून उंची काढता येते. म्हणून व्हिडिओत विजेचा खांब, मंदिराचा कळस, पाण्याची टाकी असं काहीतरी आलेलं असलं की अभ्यासकांना आनंद होतो. नुसत्या काळ्या आभाळावरच्या उजेडापेक्षा, खांबाच्या डावीकडून आत येऊन उजवीकडे गेलेला उजेड शंभर पटींनी उपयोगी.

झाबुआ-बडवानी, मग खानदेश, मग वऱ्हाड, शेवटी चंद्रपूर. नकाशावर हे ठिपके जोडले तर वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी तिरकी रेघ उमटते. ही रेघ लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

आधीचा अंदाज का चुकला

त्या रात्री एक अंदाज झटपट पुढे आला, आणि तो वरवर पाहता पटणारा होता. त्याच दिवशी न्यूझीलंडहून ‘रॉकेट लॅब’ कंपनीचं इलेक्ट्रॉन हे रॉकेट उडालं होतं, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी. दीड-पावणेदोन तासांनी इकडे आभाळ पेटलं. तेव्हा हे त्याच रॉकेटचे तुकडे असावेत, असं काहींनी म्हटलं. वेळ जवळची होती आणि दुसरं काही समोर नव्हतं.

पण मग कड्याला टेप लावा. व्यास ३ मीटर. इलेक्ट्रॉन हे छोटं रॉकेट आहे, त्याचा व्यास १.२ मीटर. १.२ मीटरच्या नळकांड्यातून ३ मीटरचं कडं निघेल कसं? शिवाय रॉकेट एकावर एक जोडलेल्या भागांचं, म्हणजे टप्प्यांचं असतं, आणि इलेक्ट्रॉनचा मोठा, खालचा टप्पा न्यूझीलंडजवळच्या समुद्रातच पडतो, तो भारतापर्यंत येतच नाही. सगळा तर्क एका टेपने खाली आणला. मला या तपासातली ही जागा फार आवडते. प्रयोगशाळा नाही, महागडं यंत्र नाही, ठाण्यात कुणीही करू शकेल असं एक मोजमाप.

अंदाज बांधणाऱ्यांना दोष द्यायचा नाही. पहिला अंदाज चुकतोच. तो मोजमापाला सामोरा गेला की नाही, हे महत्त्वाचं.

मग ३ मीटरचं काय असतं?

आता उलट बाजूने शोध घ्यायचा. अवकाशात फिरणाऱ्या मोठ्या तुकड्यांची यादी असते. अमेरिकेचं लष्कर रडार आणि दुर्बिणींनी हजारो वस्तूंवर नजर ठेवतं, प्रत्येकीला क्रमांक देतं आणि कोणती कधी खाली येईल याचा अंदाज जाहीर करतं. जगभरातले अभ्यासक ही यादी वाचत असतात. त्यांतले एक म्हणजे तेव्हा अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात असलेले जोनाथन मॅकडोवेल. भारतातले व्हिडिओ पसरू लागले तसं त्यांनी सांगितलं की चांग झेंग ३बी या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा, अनुक्रमांक वाय ७७, त्याच सुमारास खाली येणं अपेक्षित होतं आणि त्याची वाट भारतातल्या दृश्याशी चांगली जुळते.

चांग झेंग म्हणजे ‘लाँग मार्च’. हे रॉकेट ४ फेब्रुवारी २०२१ रोजी चीनच्या शिचांग केंद्रावरून उडालं होतं. त्याच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास किती? ३ मीटर. लाडबोरीचं कडं त्या नळकांड्यावर बसतं.

आता ती तिरकी रेघ आठवा. शिचांग विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २८ अंशांवर आहे. तिथून रॉकेट थेट पूर्वेकडे सोडलं तर त्याची कक्षा विषुववृत्ताशी तितक्याच, म्हणजे २८ अंशांच्या आसपास कलते. अशा कक्षेतली वस्तू उत्तरेला २८ अंशांपर्यंत चढते आणि मग खाली वळते. वळून खाली येताना ती मध्य भारतावरून वायव्य-आग्नेय अशीच जाते. झाबुआ ते सिंदेवाही ही रेघ त्या कलाशी जुळते. वेळ जुळली, रेघ जुळली, माप जुळलं. तीन वेगवेगळ्या वाटांनी येऊन आपण एकाच दारात उभे राहिलो, की तपास पक्का व्हायला लागतो. पुढे इस्रोचं पथकही सिंदेवाहीला जाऊन वस्तू पाहून आलं.

इथे एक शंका येणारच. रॉकेट उडालं फेब्रुवारी २०२१ मध्ये, टप्पा पडला एप्रिल २०२२ मध्ये. मधले १४ महिने तो होता कुठे?

झोक्यावर. या टप्प्याचं काम उपग्रहाला खूप उंच नेऊन सोडायचं होतं. तो सोडून झाल्यावर रिकामा टप्पा लांबट अंड्यासारख्या कक्षेत फिरत राहिला. अशा कक्षेचं एक टोक पृथ्वीपासून जेमतेम २०० किलोमीटरवर असतं आणि दुसरं सुमारे ३५,८०० किलोमीटरवर. खालच्या टोकाला वातावरण अगदी विरळ असतं, पण असतं. झोका दर खेपेला जमिनीवर पाय घासत गेला तर काय होईल? पाय घासतो तिथे तो थांबत नाही, पण समोर चढण्याची उंची दर खेपेला कमी होते. टप्प्याचं तसंच झालं. खालून जाताना हवेने थोडं अडवलं की वरचं टोक उतरलं. महिनोन्‌महिने असं उतरत उतरत कक्षा लहान आणि गोल होत गेली, आणि शेवटी तो पूर्णपणे हवेच्या तावडीत सापडला.

मग आधी का सांगता येत नाही? हा रागही रास्त आहे. पण हिशोब बघा. सेकंदाला ७.८ किलोमीटर म्हणजे मिनिटाला साधारण ४७० किलोमीटर. मुंबईहून सरळ रेषेत नागपूर दीड मिनिटात येतं. वरची हवा सूर्याच्या तापण्याप्रमाणे फुगते आणि आकसते, टप्पा गडगडत येतो, कधी आडवा, कधी उभा, त्यामुळे अडथळाही बदलतो. वेळेच्या अंदाजात दहा मिनिटांची चूक झाली तर जागा साडेचार हजार किलोमीटरने चुकते. म्हणून सिंदेवाहीच्या तहसीलदारांना दुपारी फोन करून सावध करणं आज कुणालाच शक्य नाही. ज्या टप्प्यात थोडं इंधन राखून तो मुद्दाम समुद्रात पाडता येतो, तिथे हा प्रश्नच उरत नाही. तसं करायला पैसा लागतो आणि वजन लागतं, आणि माझ्या मते ते न करणं ही सरळसरळ दुसऱ्याच्या डोक्यावर सोडलेली जोखीम आहे.

तो गोळा

कड्याची चर्चा जास्त झाली, कारण ते मोठं होतं. मला मात्र गोळा जास्त बोलका वाटतो.

अशा गोळ्याचं काम काय? रॉकेटच्या टाकीतलं इंधन इंजिनाकडे जात राहिलं की टाकी रिकामी होते, आतला दाब पडतो. दाब टिकवायला टाकीत दुसरा वायू सोडावा लागतो, बहुधा हेलियम. तो हेलियम प्रचंड दाबाने भरून ठेवायची बाटली म्हणजे हा गोळा. गोल आकार अशासाठी की दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. आतलं कवच बऱ्याचदा टायटॅनियमचं असतं आणि त्यावर कार्बनचा धागा राळेत भिजवून, वेगवेगळ्या दिशांनी, घट्ट गुंडाळलेला असतो. सुतळीचा गुंडा करतो तसाच. जळून आलेल्या अशा गोळ्यावर कधी कधी हे वेढे उसवलेले, केसांसारखे लोंबताना दिसतात. ‘वर काळे केस असलेला गोळा’ असं वर्णन ऐकून घाबरायला होतं, पण जाणकाराला तेच केस ओळखपत्रासारखे.

तो जळला का नाही? एक कारण धातू. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, टायटॅनियमला १६६८ अंश लागतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. गोळा आकाराने मोठा आणि पोकळ, म्हणून हलका. असा तुकडा वरच्या विरळ हवेतच अडतो आणि त्याचा वेग लवकर मोडतो. फार तापायच्या आतच तो मंदावलेला असतो. शेवटचे काही किलोमीटर तो हायवेवरच्या मोटारीच्या आसपासच्या वेगाने सरळ खाली येतो. म्हणूनच जगभर कुठेही रॉकेटचे तुकडे पडले की त्यात हे गोळे हमखास असतात. १२ मे २०२२ रोजी, म्हणजे सिंदेवाहीनंतर सव्वा महिन्याने, गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या भालेज, खंभोळज, रामपुरा या गावांत असेच गोळे पडले, आणि तेव्हाही संशय चांग झेंग ३बी जातीच्याच दुसऱ्या एका रॉकेटवर गेला.

दगड असता तर?

विदर्भाला खऱ्या उल्केचाही अनुभव आहे. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलमध्ये अवकाशातून दगडांचा पाऊस पडला. जमिनीवर पोचलेल्या अशा दगडाला अशनी म्हणतात. काटोलच्या अशनीच्या एका तुकड्यात पुढे ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात भरपूर आहे, पण साडेसहाशे किलोमीटरहून खोल, जिथे आपल्याला कधी हात घालता येणार नाही. अवकाशात दोन दगड एकमेकांवर आदळले, त्या दणक्याच्या दाबाने ते तयार झालं आणि काटोलच्या छपरांवर, अंगणांत येऊन पडलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

अशनी ओळखायच्या खुणा घरबसल्या तपासता येतात. ताज्या अशनीवर पातळ, काळी, जळकी साल असते, भाजलेल्या वांग्यासारखी. फोडलं की आत रंग वेगळा. आकाराच्या मानाने तो जड लागतो. लोहचुंबक बहुतेकांना चिकटतं, कारण आत लोह आणि निकेल असतं. पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठे दाबावेत तसे खळगे असू शकतात. आणि आत बुडबुड्यांची भोकं नसतात. सच्छिद्र, जाळीदार दगड सापडला तर तो बहुधा भट्टीतली मळी असते किंवा आपल्याच सह्याद्रीचा काळा दगड. आणखी एक समज काढून टाकू या. अशनी लालभडक तापलेला पडत नाही. अवकाशात तो थंडगार असतो, फक्त साल काही सेकंद वितळते, आणि शेवटचा प्रवास तो थंड हवेतून सावकाश करतो.

अशनीचा शिक्का घाईने मारला की काय होतं हे तमिळनाडूत दिसलं. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी वेल्लोर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या आवारात स्फोट होऊन एका बसचालकाचा जीव गेला. अशनी पडून माणूस मेला, अशी बातमी जगभर गेली. पण फोटो पाहून ‘नासा’च्या तज्ज्ञांनी सांगितलं की हे जमिनीवर झालेल्या स्फोटाशी जास्त जुळतं. ज्याचं माणूस गेलं त्या घराला खरं कारण कळण्याचा हक्क असतो. म्हणून मला हा तपास नुसता कुतूहलाचा विषय वाटत नाही.

आणि यातलं काहीच नसेल तर

आभाळातून पडणाऱ्या बहुतेक गोष्टी इतक्या लांबून आलेल्या नसतात.

लहानपणी मामाच्या शेतात, तुरीच्या ओळींमध्ये, मला पांढऱ्या थर्माकोलचा एक डबा सापडला होता. वीतभर उंचीचा. त्याला लांबलचक दोरा, दोऱ्याच्या टोकाला फाटलेल्या रबराच्या चिंध्या. आतून दोन वायरी बाहेर आलेल्या. मामाने आधी मला लांब ओढलं, मग काठीने तो उलटा केला. त्यावर हवामान खात्याचं नाव होतं. हवामान खातं नागपूरसारख्या केंद्रांवरून रोज असे फुगे सोडतं; ठरलेल्या वेळा म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचचा सुमार. हायड्रोजन भरलेला फुगा चढत जातो, डबा तापमान, आर्द्रता, दाब रेडिओवरून खाली कळवत राहतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून फुगा फुगत फुगत शेवटी फुटतो आणि डबा तरंगत कुणाच्या तरी शेतात येतो. तो निरुपद्रवी असतो. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या छातीत धडधडतंच, आणि मामाने आधी काठी वापरली ते बरोबरच केलं.

याचे मोठे भाऊ हैदराबादहून येतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं तिथे फुगे सोडायचं केंद्र आहे. त्यांचे फुगे प्रचंड असतात, वैज्ञानिक उपकरणं घेऊन ३०-४० किलोमीटर वर जातात आणि काम झालं की उपकरणं रंगीत पॅराशूटने उतरतात. वाऱ्याप्रमाणे ती तेलंगणात, कर्नाटकात किंवा आपल्याकडेही उतरू शकतात. उपकरण उघडलं किंवा ओढलं तर वर्षभराची मेहनत वाया जाते, म्हणून लोकांनी हात न लावता पोलिसांना कळवावं, असं संस्था आवर्जून सांगते.

आणि जानेवारी २०१८ मध्ये हरियाणात गुरुग्रामजवळच्या फाजिलपूर बादली गावात शेतात बर्फाचा मोठा गोळा पडला. लोकांनी मौल्यवान समजून त्याचे तुकडे घरी नेले, फ्रिजमध्ये ठेवले. तो विमानाच्या शौचालयातून गळून, वरच्या थंडीत गोठलेला मैला असावा, असं नंतर अधिकाऱ्यांनी सांगितलं.

मालक कोण?

रॉकेटचा तुकडा माझ्या शेतात पडला म्हणून तो माझा होत नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार वस्तू वर असो वा खाली आलेली, मालकी ज्या देशाने ती पाठवली त्याचीच राहते. १९६८ चा करार म्हणतो की ज्या देशात ती सापडली त्याने पाठवणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं, आणि मागितली तर परत द्यायची. पण १९७२ चा करार आपल्या बाजूचा आहे. जमिनीवर नुकसान झालं तर पाठवणारा देश भरपाईला पूर्णपणे बांधील. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही. भारत आणि चीन दोघेही या करारांत आहेत.

हे कागदावरच राहत नाही. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. बर्फात किरणोत्सारी तुकडे विखुरले. ते शोधून उचलण्याच्या खर्चापोटी कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली.

बोट फक्त चीनकडे दाखवून चालणार नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ज्युरियन बेजवळच्या किनाऱ्यावर पिंपासारखी एक मोठी वस्तू वाहून आली. तिच्यावर समुद्री शिंपल्यांचे थर चढले होते. त्या शिंपल्यांनीच सांगितलं की ही काल पडलेली नाही, कित्येक महिने पाण्यात होती. ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने तपास करून ती बहुधा आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याची असल्याचं जाहीर केलं आणि इस्रोने ते मान्य केलं. लपवाछपवी झाली नाही, याचा मला भारतीय म्हणून अभिमान वाटतो.

तुमच्या शिवारात पडलं तर

एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला जंगलात जाणारी माणसं असतात. पवनपारसारखा गोळा पहिल्यांदा त्यांनाच दिसायची शक्यता जास्त. म्हणून हे त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

हात लावू नका. रॉकेटला दिशा देणाऱ्या छोट्या इंजिनांत हायड्रॅझिन नावाचं इंधन वापरतात. ते विषारी आहे, कर्करोगालाही कारण ठरू शकतं, आणि बंद टाकीत थोडं उरलेलं असू शकतं. अमोनियासारखा किंवा मासळीसारखा उग्र वास आला तर वाऱ्याच्या उलट बाजूला जा, म्हणजे वारा तुमच्याकडून वस्तूकडे वाहील. जनावरं आणि लेकरं लांब ठेवा. भंगार म्हणून विकायचा विचार मनात आला तर आठवा, आतली बाटली कधी काळी प्रचंड दाबाने भरलेली होती. तिला छिन्नी लावणं जिवावर बेतू शकतं.

लांबूनच फोटो काढा. पाच पावलांवर आपली चप्पल किंवा काठी ठेवा, म्हणजे माप कळतं. चारही बाजूंनी काढा. घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवा, ‘जेवणं झाल्यावर’ असं नको, सात पन्नास म्हणजे सात पन्नास. कोणत्या बाजूने आलं, आवाज आला का, उजेड आधी की आवाज आधी, तेही लिहा. मग पोलीस पाटलाला सांगा किंवा ११२ ला फोन करा. पोलिसांकडून खबर तहसील, जिल्हाधिकारी आणि पुढे इस्रोपर्यंत जाते. दगड असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेकडे, कारण देशात सापडलेले अशनी सांभाळायची जबाबदारी तिची आहे.

वस्तू उचलून ठाण्यात नेली तरी ती जिथे पडली तो खड्डा बुजवू नका. एका बाजूची माती जास्त उडालेली असते, आणि कोणत्या कोनातून ती आली हे त्या मातीवरून मोजायचं असतं.